उघड्या गाडीचा टप

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत जरा सावरून बसतो. खून नव्हता, दरोडा नव्हता. लातुरात एका गाडीचा टप चोरीला गेला होता, एवढंच. नावं मी कुणाचीच घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते तसेही ओळखतील.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. शहर पुन्हा घरात झोपायला लागलं होतं आणि दिवस उजाडला की ट्यूशनला पळायला लागलं होतं. निलंगा, कंधार, देगलूर, कुठून कुठून पोरं शिकायला येत होती. ज्याच्या घराला जिना होता त्याने वर खोल्या चढवल्या, ज्याच्या घराला नव्हता त्याने आधी जिना बांधला. मी तेव्हा तिथे फौजदार होतो. ठाण्यात तक्रारीही तशाच यायच्या: सायकल गेली, कुकर गेला, खोलीच्या डिपॉझिटवरून भांडण झालं.

अशात एके सकाळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअरसाहेब आले. शर्टाला कडक इस्त्री, पण नखांत काळं ग्रीस. म्हणाले, "माझ्या गाडीचा टप चोरीला गेलाय."

ठाणे अंमलदाराने विचारलं, "म्हणजे वरचा पत्रा? पत्रा कसा नेला?"

"पत्रा नव्हे हो. कापडी टप. घडीचा."

ही गाडी गावात माहीत होती. जुनी इंग्रजी बनावटीची, दोनच माणसं बसतील अशी, ठेंगणी, उघडी गाडी. हैदराबादेत एका जुन्या घराण्याच्या परसात ती सडत पडली होती. आणली तेव्हा म्हणे तिच्या फ्लोअरमधून बाभळीचं रोप वर आलं होतं. निवृत्तीनंतर साहेबांनी दुसरं काही केलंच नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, कुजलेली लाकडी चौकट बदलली, चाकांचे स्पोक एकेक करून ताणले. मी स्वतः काही काळ मोटार परिवहन विभागात काढलेला आहे, त्यामुळे त्यांचं काम पाहून मला आदर वाटायचा. गाडीला दोन कार्बोरेटर. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाला लावून, दोन्हींचा श्वास सारखा ऐकू येईपर्यंत ते स्क्रू फिरवत बसायचे. दर रविवारी इंजिन चालू करायचे आणि वरच्या खोल्यांतली पोरं पुस्तकं मिटून सज्जात येऊन उभी राहायची.

गाडीचं सगळं झालं होतं, टप तेवढा राहिला होता. तो त्यांनी नांदेडहून करवून घेतला. देगलूर नाक्याजवळ एका चाचांचं कुशनचं दुकान होतं. पिढीजात काम; जीपच्या सीटा, टेम्पोच्या गाद्या, हूड, सगळं शिवायचे. साहेबांनी त्यांच्याकडून मागची शिवण पुन्हा पुन्हा उसवून घेतली. शेवटी चाचांचं डोकं फिरलं आणि ते साहेबांच्या भर अंगणात म्हणाले, "तुमच्या नजरेनंच हा टप राहणार न्हाई गाडीवर, बघा तुमी."

आठवडा झाला नाही तोच टप गेला. आता सांगा, संशय कुणावर येणार?

पंचनामा आमच्या हवालदाराने केला. दिवे जागेवर, हॉर्न जागेवर, स्पोकची चाकं जागेवर. लोखंडी कमानी मागे दुमडलेल्या. टिचबटणं एकूण एक नीट उघडलेली, कापड कुठे फाटल्याची खूण नाही. मागची पट्टी स्क्रू काढून सोडवलेली आणि ते स्क्रू सीटवर एका स्टीलच्या वाटीत जमवून ठेवलेले.

"हेच बघा," साहेब म्हणाले, "स्क्रू वाटीत ठेवणं ही कारागिराची सवय. चोराला एवढी फुरसत कुठली?"

बोलणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. गुन्हा दाखल झाला. त्यातच आमच्या एका रिक्षावाल्याने खबर दिली. रेक्झिनची गुंडाळी घेऊन येणाऱ्या चाचांना तो नेहमी स्टँडवरून साहेबांच्या घरी सोडायचा. टप गेला त्या दिवशी चाचा लातुरात होते, आणि त्यांनी त्याची रिक्षा घेतली नाही, ओळख न दाखवता पायी निघून गेले.

नांदेडला बिनतारी संदेश गेला. आमचा शिपाई गेला आणि चाचांना भर बाजारातून एसटीत बसवून घेऊन आला. त्यांनी पहिल्या प्रश्नालाच सांगितलं, "मी नांदेड सोडलंच न्हाई." रिक्षावाल्याचं नाव काढताच दाराकडे बघायला लागले.

चौकशीची माझी एक पद्धत होती. आधी चहा, मग प्रश्न. चहा घेताना माणूस कुठे बघतो ते मी बघायचो. चाचा कपाकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. फाटकातून कुणी आत आलं की मान खाली घालत होते. हा माणूस आम्हाला भीत नव्हता, कुणीतरी बघेल म्हणून भीत होता.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "साहेब, लॉकअपमधी टाका, पण ह्या बाकड्यावर नका बसवू. रस्त्यावरनं सगळं दिसतंय."

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथे ते बोलले. "लातुरात आलो व्हतो, झूठ न्हाई बोलत आता. हॉस्टेलवाल्याकडं आलो व्हतो. त्या रिक्षावाल्यानं इंजिनिअरसाहेबांच्या भांडणाचं इचारलं असतं, म्हणून पायी गेलो. त्याच्या सगळ्या खोल्यांच्या गाद्यांचं काम हाय. त्याचं नाव सांगितलं की तुमी तिथं जाणार. तो एवढंच ऐकणार की ह्या माणसाला पोलीस विचारून राहिले. आमचं काम लोकांच्या घरात हाय साहेब. माप घ्यायला आतल्या खोलीपर्यंत जावं लागतंय. एकदा नाव गेलं की दार बंद. माझं पण, पोरांचं पण."

मी साध्या कपड्यांत त्या हॉस्टेलवर गेलो. मुलासाठी खोली बघायला आलोय म्हणालो. मालकाने आधी दहावीचे टक्के विचारले. मला दोन्ही मुलीच, पण मी नसलेल्या मुलाला बऱ्यापैकी टक्के देऊन टाकले. गप्पांत गाद्यांचा विषय निघाला आणि चाचांचं बोलणं खरं ठरलं. मात्र तेवढ्याने ते सुटत नव्हते. हॉस्टेलवरून साहेबांचं घर चालत जाण्यासारखं होतं. साहेबांची वरपर्यंत ओळख होती. दुपारी वरिष्ठांचा फोन आला, "उद्या सकाळी अटक दाखवा आणि कोठडी मागा."

म्हणून मी एकटाच घटनास्थळी गेलो. साहेब घरी नव्हते; वरिष्ठांकडेच गेले असावेत. अंगणात उभा राहिलो आणि पहिली गोष्ट खटकली ती शेड. कंपाउंडात पत्र्याची चांगली ऐसपैस शेड होती. आत हत्यारं, जुने प्लग, तेलाचे डबे, सगळं ओळीने मांडलेलं. गाडी मात्र बाहेर, आकाशाखाली. जो माणूस नटबोल्टसुद्धा फडक्याने पुसून ठेवतो, तो गाडी पावसात उभी करेल? मग सीट पाहिली. तिच्यावर घडी घातलेली वाकळ होती, पायाशी पाण्याचा तांब्या.

गाडीशेजारी एक बाई तूर निवडत बसली होती. साहेबांची थोरली बहीण. घरात तिला सगळे अक्काच म्हणत. भूकंपात तिचं घर, नवरा, मुलं, सुना, सगळं गेलं होतं. माळवदाच्या मातीखालून जवानांनी तिला काढलं तेव्हापासून ती भावाकडेच होती.

"अक्का, आत सावलीत बसा की," मी म्हणालो.

"हितंच बरं हाय."

"पाऊस आला तर?"

"भिजायचं. वाळतंय की मानूस."

भूकंपानंतर मी त्या पडलेल्या गावांत बंदोबस्ताला होतो. छपराखाली पाऊल न टाकणारी माणसं मी पाहिली होती. हळूहळू बहुतेक जण आत गेले. अक्का गेली नव्हती. ती आली तेव्हा ही गाडी म्हणजे अंगणातला नुसता सांगाडा होता. सीटा काढलेल्या होत्या, म्हणून तिच्यात गादी घालून दिली होती, आणि तिथेच तिला पहिल्यांदा झोप लागली. पुढे सीटा बसल्या तरी जागा बदलली नाही. भावाने घराच्या बांधकामातला, भूकंपातही भिंती धरून ठेवणारा लोखंडी पट्टा दाखवला, हिशेब समजावून सांगितला. तिने मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसली. घरच्या अब्रूपायी साहेब हे बाहेर कुणाला बोलत नसत. पावसात ताडपत्री अंगावर ओढून बसलेली बहीण त्यांना बघवत नव्हती, तो टप तिच्यासाठीच होता. हे सगळं वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मला दारात उभं राहून हळू आवाजात सांगितलं. आणखी एक सांगितलं: नवं कापड ताणलेलंच ठेवावं लागतं, नाहीतर आकसतं, म्हणून पावसाळाभर टपाची घडी घालायची नाही असा साहेबांचा हुकूम होता.

मला जे कळायचं ते कळलं. तरी मी अक्काला काही विचारलं नाही. काही माणसांना प्रश्न केला की ती कुलूप लावून घेतात. मी फक्त सांगितलं, "नांदेडच्या चाचांना ठाण्यात आणलंय. टप त्यांनी नेला म्हणे. उद्या अटक होईल."

तिचे हात थांबले. "त्यास्नी? कशापायी?"

"तुमच्या भावाची तक्रार आहे."

ती पुन्हा निवडायला लागली. खडे सुपात राहत होते आणि तूर बाहेर पडत होती. मी निघून आलो.

सूर्य मावळायच्या आधी शिपाई माझ्याकडे आला. "साहेब, एक बाई फाटकाशी उभी आहे. आत या म्हटलं तर येत नाही, जा म्हटलं तर जात नाही."

मी बाहेर गेलो. अक्का फाटकाजवळच्या कडुलिंबाला हात टेकून उभी होती. एवढं अंतर ती पायी आली होती. मी म्हणालो, "खुर्ची मागवतो, इथेच बोला. जबाब इथेही लिहिता येतो."

"त्या मानसाला कुठं बसवलंय?"

"आत."

"मंग मी बी आतच सांगनार. त्याला आत घातलंय माझ्यापायी अन मी हितं वाऱ्याला बसून बोलू व्हय?"

आमचं ठाणं सिमेंटच्या स्लॅबचं होतं. भूकंपात गेलेले तडे लिंपलेले होते, पण दिसायचे. अक्काने एकदाच वर पाहिलं. मग पदराचा बोळा तोंडात धरला, एक हात भिंतीला लावला आणि आत पाऊल टाकलं. दुसरा हात आमच्या महिला शिपायाने धरला होता. ती नंतर मला म्हणाली, अक्काने तिची बोटं अशी आवळली होती की बांगडी रुतली. ठाण्यात सगळे उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. मीही उठलो आणि उगाच कागद शोधायला लागलो.

ती चाचांपासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसली.

"टप मी काढला. ह्यांचा काय बी संबंध न्हाई. भाऊ म्हनला, अक्का, आता पाऊस लागनार न्हाई तुला. लई हौसेनं केलं त्यानं. पर आत पडलं की कापड पार नाकाशी येतंय साहेब. तवाच्यावानी. दोन राती डोळं उघडं ठिवून बसले. त्याला कसं सांगू? म्हनून काढून टाकलं. स्क्रू हरवू नयेत म्हनून वाटीत ठिवले, तो ठिवतो तसं."

"टप कुठे आहे?"

"लाकडाच्या ढिगावर. उलटा करून घातलाय."

आमचे हवालदार खोकले. पंचांच्या सह्या त्यांनी त्याच ढिगावर कागद ठेवून घेतल्या होत्या.

जबाबावर तिचा अंगठा घेतला. तेवढ्यात साहेब आले. मी निरोप पाठवला होता. दारातच थबकले.

"अक्का, तू आत?"

"झालं माझं. आता येते भाईर."

निवृत्त कार्यकारी अभियंता उंबऱ्याशी बसून लहान मुलासारखे रडले. "सांगायचं होतंस गं," एवढंच म्हणत राहिले. चाचा उठले. अक्काला म्हणाले, "चला आपा, बाहेर जाऊ. मला पण हितं घुसमटून राहिलंय." दोघं लिंबाखाली जाऊन बसली. साहेब मागून गेले आणि चाचांसमोर हात जोडले.

चाचांनी ते हात बाजूला केले. "हितं नका जोडू साहेब. हितं कोण बघतंय? मला माझ्या दुकानावरनं उठवून आणलंय. तिथं या."

साहेब गेले. तीच गाडी घेऊन, टप नसलेली, शेजारी अक्काला बसवून, लातूरहून नांदेडपर्यंत. देगलूर नाक्यावर ती गाडी बघायला गर्दी होणारच होती. त्या गर्दीसमोर ते मोठ्याने म्हणाले, "हा माणूस निर्दोष आहे. तक्रार माझी चुकीची होती." बातमी एव्हाना हॉस्टेलवाल्याच्याही कानावर गेली होती, म्हणून त्याच्याकडेही स्वतः जाऊन आले. गाद्यांचं काम चाचांकडेच राहिलं. त्याच टपाचं कापड कापून चाचांनी अक्कासाठी सीटच्या मापाचं पांघरूण शिवलं, गळ्यापर्यंत बटणं लावायचं, वर तोंड मोकळं. गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि फाइल बंद झाली.

लोकांना वाटतं, पोलिसाला कबुली कशी काढायची ते यावं लागतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. त्या दिवसानंतर मी कबुली काढण्यापेक्षा, समोरच्याला ती देण्यासाठी काय मोजावं लागणार आहे ते आधी बघायला लागलो. त्याने काही कामं लांबली, काही वरिष्ठ रागावले. माझ्या उभ्या नोकरीत ठाण्यातून बाहेर पडण्यासाठी खरं-खोटं बोलणारे शेकड्यांनी भेटले. खरं बोलण्यासाठी आत आलेली मी ती एकटीच पाहिली.