वाद्यवृंदातली आतषबाजी

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आतषबाजी करायची नाही असं ठरलं; काचा महागाच्या होत्या. मग साहेबांना सुचलं की आतषबाजी संगीतातूनच दाखवावी आणि तीत आपली संस्कृतीही यावी. मी व्हायोलिन वाजवते, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी मात्र मन लावून लिहिलं. वरातीतली फटाक्यांची माळ, लक्ष्मीपूजनाचे भुईनळे, मॅच जिंकल्यावरचे बाण. शेवटी मोठ्या ड्रमचा एकच दणका आणि मग लांबलचक शांतता. ती शांतता हीच माझी खरी करामत, असं मला वाटत होतं. साहेब गेले उडत, मी हे आईसाठी लिहीत होते. बाबा आजारपणात गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती, कुणी गाणं लावलं तर बंद करायला सांगायची. तिनं हे ऐकावं आणि पुन्हा माणसांत यावं, असा माझा हट्ट होता.

बाबा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. दिवसभर तेच हाताळतो, घरी आणखी कशाला, म्हणून दिवाळीत आमच्याकडे साधी फुलबाजीही येत नसे. क्वार्टर्समध्ये चाचणीचा बार ऐकू आला की गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहत. सगळ्यांचे कान कारखान्याकडे. धोक्याचा भोंगा वाजला नाही की निमूट आत जाऊन पोळ्या लाटू लागत.

कार्यक्रमाला आई पहिल्या रांगेत बसली होती. भुईनळ्यांपर्यंत छान चाललं होतं, तिची बोटंही मांडीवर हलत होती. मग दणका झाला. माझ्या त्या शांततेत आई उठली आणि सगळ्यांदेखत सभागृहाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मागे कुणीतरी हसलं. मला क्षणभर तिचा रागच आला.

टाळ्या संपायच्या आत मी तिच्यापाशी गेले. आई, तो नुसता ड्रम होता, एवढंच मला सुचलं.

"कळतंय गं," ती बाहेर बघत म्हणाली. "जन्मभर त्या आवाजाकडे कान लावून बसले. आणि हे गेले तेव्हा मी उशाशीच होते. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."