न मोजलेली मेंढरं

"यांला मेंढरं मोजता येत न्हाईत साहेब, नुकसान मातर बराबर मोजता येतंय."

रानाचा मालक असं बोलला आन् चावडीतली सगळी मान्सं हासली. पुराचा पंचनामा लिवणारा साहेब बी हासला. मी दारात उबी. एक पाय आत, एक भाईर. लुगडं चिखलानं जड झालेलं. शेजारी माझे सासरे, त्यांला मी मामा म्हणती, उकिडवे बसलेले. मामांना कमी ऐकू येतंय. सगळे हासायलेत म्हणून तेबी हासले.

तेच मला लागलं. बाकीचं नंतर.

आमी मेंढरावाले. गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. नवरा पुण्याला बांधकामावर असतोय. मेंढरं मी आन् मामा राखायचो. आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. कुणी इचारलं किती हायती, तर म्हणायचं, हायती देवाच्या दयेनं. आकडा तोंडातून काढला की कळप घटतो, असं मानायचं. मामांना मोजायची गरजच पडली न्हाई कधी. सांजच्याला मेंढरं वाघरीत, म्हंजी जाळीच्या कुंपणात, शिरायली की मामा तोंडाशी उबं राहून नुसतं बघायचे. एखादं कमी असलं तर म्हणायचे, ती कान तुटकी आली न्हाई. कधी चुकले न्हाईत.

उन्हाळ्यात जनावराचा डॉक्टर आला होता. मेंढरांचा विमा काढा म्हणला. कानात नंबरचा पिवळा बिल्ला मारायचा. जित्राब मेलं तर बिल्ला दाखवायचा, भरपाई घ्यायची. नदीकाठाला राहताव, कधी काय व्हईल सांगता येत न्हाई, असं लय समजावून सांगत होता बिचारा. मामांनी हात जोडले. देवाच्या जित्राबाला नंबर लावू नये म्हणले.

आन् मी? मी सातवी शिकलेली. मला समजत होतं सगळं. पण मीबी त्याला च्या पाजला आन् वाटं लावला. वर हासून म्हणले, "आमच्या मेंढरांला काय शाळेत घालायचंय का?" ते माझं बोलणं मला अजून झोपू देत न्हाई.

पावसाळा सरायला आला तवा मालकानं बोलवलं. मालक म्हंजी गावातला मोठा बागायतदार. नदीला लागून त्याचं रान. मूग निघून रान मोकळं झालतं. मेंढरं बसवली की लेंड्यांचं खत पडतंय, त्याच्या बदल्यात रातीमागं जवारी. पाच राती ठरल्या. सगळं तोंडी. आमचा धंदा पिढ्यान् पिढ्या जबानीवरच चालत आला.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, धरणातून पानी सोडायलेत, नदीकाठच्यांनी सावध राहा. मी मालकाकडं पळत गेले. म्हणले मेंढरं माळावर नेती. त्यो बाजंवर पडल्या पडल्या म्हणला, "तीन राती राहिल्यात. जायचं तर जा, सगळी जवारी इसर." मी मामांना सांगितलं. मामा म्हणले, जबान दिलीय पोरी. राहिलो.

पानी पहाटं आलं. आवाज न्हाई, काय न्हाई. पायाला गार लागलं म्हणून उठले तर घोंगडं तरंगायलं. मेंढरं जाळीत अडकलेली, एकावर एक. मामा इळ्यानं जाळी कापायलते, मी हाताला लागंल ते उचलून बांधावर टाकायलते. नऊ वाचली. पानी उतरल्यावर अकरा बाभळीत लटकलेली घावली. बाकी नदीनं नेली.

तर चावडीत साहेबानं इचारलं, "अकरा दिसली. वाहून गेली म्हणता, ती किती?"

मी मामांच्या कानात वरडून सांगितलं. मामांनी वर बघितलं. सवयीनं म्हणले, "हायती देवाच्या दयेनं."

त्यावर मालक ते बोलला. आन् वरून म्हणला, ह्यांला माझ्या रानात बसवलं कुणी? न इचारता घुसले. मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. साहेबाला च्या सांगितला.

साहेबानं कागद पुढं सरकवला. अकरा लिवलं होतं, आन् खाली लिवलं होतं आमची काही तक्रार नाही. शिपायानं मामांचा अंगठा शाईत बुडवला बी. मामा कागदावर वाकले.

मी त्यांचं मनगट धरलं. अंगठा माझ्या पदराला पुसला.

"न्हाई," मी म्हणले. "अंगठा न्हाई, सही न्हाई."

साहेब म्हणला, मग अकराचं बी मिळायचं न्हाई. मी म्हणले, नगं मिळू दे. आन् आत गेले, टेबलापुढं फतकल मारून बसले. कोपऱ्यात मदतीच्या गव्हाचं पोतं होतं, त्यातलं मूठभर गहू घेतलं. मामांच्या कानाला तोंड लावून म्हणले, मामा, सांजच्याला वाघरीत शिरायची तशी सांगा. जी वाहून गेली ती. एकेक.

मामांनी डोळे मिटले. पुढं चालणारी काळतोंडी. तिची लेक. भुरी. कान तुटकी. साप चावून जगलेली ती. मी एकेक दाणा साहेबाच्या कागदावर ठिवत गेले. मालक उठून गेला. कोकरांपाशी आल्यावर मामा नुसती बोटं उचलून सांगायले.

त्रेसष्ट दाणे झाले.

"आता हे दाणे फायलीला लावू का?" साहेब म्हणला. सही करण्यास नकार, असं लिवलं आन् कागद झटकला. दाणे खाली पडले. शिपायानं झाडून घेतले.

पैसा आला न्हाई. अकराचा बी न्हाई. तहसीलच्या चकरा मारून मारून पाय दुखायलेत, दर बारीला नवा बाबू, नवा कागद. बेजार झाले. गावातली मान्सं म्हणायलीत, टाकायची सही करून, ताठा नडला बाईचा. असंल.

घरी आल्यावर मामा दोन दिवस माझ्याकडं पाठ करून फाटकी जाळी सांधत बसले. मला वाटलं, मोजायला लावलं म्हणून राग आला. तिसऱ्या दिवशी म्हणले, "मोजायचीच होती पोरी, तर जित्ती असताना मोजायची होती." यापरीस त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

कळप बुडाला की भावकीनं एकेक मेंढी द्यायची, ही आमची रीत. कुणी पाथरीहून आणली, कुणी बोरीहून. धा झाल्या. नऊ न् धा, एकोणीस. मी सोता जाऊन डॉक्टरला बोलवून आणलं. मामांनी एकेकीची मान धरली, बिल्ला बसताना तोंड फिरवलं. लोकर इकली की पहिला विम्याचा हप्ता बाजूला ठिवती, मंग मीठमिरची.

परवा मालकाचा निरोप आला, मेंढरं बसवा. मी कागद घेऊन गेले. इतकी मेंढरं, इतक्या राती, पान्याची खबर आली तर ठरल्या राती सोडून बी उठवायचा हक्क आमचा. म्हणले, मालक, इथं सही करा.

"तू मला कागद दावायलीस?" त्यो म्हणला.

"व्हय," म्हणले. कागदाची घडी केली, मेंढरं माळावर घातली. त्याचं रान यंदा खताबिगर पडलंय. आमचीबी जवारी गेली, घरात तंगी हाय. असू दे.

माळावर आता रोज सांजच्याला वाघरीच्या तोंडाशी मी उबी राहती आन् मोजती. मनात न्हाई, मोठ्यानं मोजती. मामा बाजूला बसून बघत असतात. त्यांला ऐकू जावं म्हणून मला वरडावं लागतंय, ते खाली मालकाच्या आखाड्यावर, त्याच्या रानातल्या वस्तीवर बी ऐकू जातंय म्हणं.

जाऊ दे. माझ्या मेंढरांचा आकडा आता मी सांगीन. पुन्ना दुसऱ्या कुणाला लिवू देणार न्हाई.