आत्ती कॅरिअरवर बसल्या

आमच्या आटपाडीच्या भागात सासूला आत्ती म्हणतात. माझ्या आत्तींचं निम्मं आयुष्य मेंढरांच्या मागं चालण्यात गेलं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कृष्णाकाठाला उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला माघारी यायचं. आता मेंढरं विकली, रानात पाणी आलं, डाळिंबं लागली. पण आत्तींना जीपमध्ये बसवलं की ओकारी येते, मोटरसायकलवर भोवळ. आणि गुडघे असे धरलेले, की गावापर्यंत चालवत नाही. त्यामुळं वस्तीवरच्या ओट्यावर बसून रस्ता बघणं, एवढाच त्यांचा दिवस.

सायकल मात्र मी त्यांच्यासाठी घेतली नव्हती, माझ्यासाठी घेतली. माझा नवरा सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तिकडं तमिळनाडूत. घरी यायचा तो यात्रेला, नाहीतर दिवाळीला. मिठाचा पुडा संपला तरी मी दिराच्या तोंडाकडं बघायचे. "आणतो की वैनी," म्हणायचा आणि संध्याकाळी हात हलवत यायचा. एकदा पाहुणे दारात आले आणि घरात पीठ नाही. शेजारणीकडं परात घेऊन गेले तेव्हाच मनाशी ठरवलं. माझं माहेर मेढ्याकडचं. तिथल्या चढउतारावर मी शाळेत असताना सायकल हाणलेली. ती काय विसरते होय?

गावातल्या सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार चाचांनी आधी एक गुलाबी, नाजूक सायकल पुढं केली.

"चाचा, हिच्यावर दळणाचा डबा बसंल का?"

"दळण?" ते हसले. "मग हिला हात लावू नका ताई. थांबा."

त्यांनी मागून एक काळी सायकल काढली. जाड नळी, दोन पायांचं स्टँड, आणि दुधाच्या किटल्या बांधतात तसलं रुंद कॅरिअर. "हिला मोडायचं झालं तर रोडरोलर आणावा लागंल," ते म्हणाले. मी घंटी वाजवली. असा खणखणीत आवाज आला की समोरच्या चहाच्या गाड्यावरचे सगळे वळून बघायला लागले. मी तिथंच सायकल पक्की केली.

पहिल्या दिवशी गव्हाचा डबा जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधला आणि गिरणीत गेले. येताना पीठ गरम होतं, पाठीला त्याची ऊब लागत होती. वारा तोंडावर, पदर कमरेला खोचलेला, आणि मी एकटीच मोठ्यानं हसत होते. मग मला कामंच सापडायला लागली. मोटरीचा फ्यूज, आत्तींच्या गोळ्या, मी शिवलेली ब्लाऊजं गिऱ्हाइकांना पोचवणं. निघावंसं वाटलं की निघायचं, कुणाला विचारायचं नाही! आठवडाभराची कामं मी दोन दिवसांत उरकायला लागले आणि उरलेल्या दिवसांत नवीन काम काय काढावं याचा विचार करायला लागले.

आत्ती हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, त्यांनी कॅरिअर हातानं दाबून बघितलं.

"ह्याच्यावर मानूस बसतंय का गं?"

"बसतंय की. कोण बसणार हाय?"

"मी. मेंढरांचा बाजार बघून लय वरसं झाली."

मनात आलं, पडल्या तर? पण त्या आधीच आत जाऊन घडीचं लुगडं नेसून आल्या होत्या. कॅरिअरवर घोंगडं घातलं, ओट्यावरून त्यांना अलगद बसवलं. त्यांनी माझी कंबर अशी आवळली की मला श्वास घेता येईना. ओढ्याच्या उताराला सायकल सुटली. आता किंकाळी येणार म्हणून मी ब्रेक दाबला, तर मागून आवाज आला, "बिरेक कशाला दाबतीस? हाण की! हाण!"

मी हाणली! आत्ती खळखळून हसत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांचं तसलं हसणं ऐकलं नव्हतं.

बाजारात उतरल्या आणि गुडघे कुठं गेले कुणास ठाऊक. या कळपातून त्या कळपात, एकाचे दात बघ, दुसऱ्याची पाठ चाचप. एक म्हातारा मेंढपाळ ओळखीचा निघाला. "आवं, तुमी कुनासंगं आलासा?" त्यानं विचारलं.

"सुनंच्या सायकलीवर!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की आजूबाजूचे चारजण वळले.

मग त्या एका काळ्या तोंडाच्या कोकराजवळ थांबल्या त्या थांबल्याच. मी म्हटलं, "आत्ती, घरी त्याला कोण बघणार?"

"मी बघंन की." आणि मग हळू आवाजात, "मला करमत न्हाई गं बाय."

मी पैसे काढले. कोकरू घेतलं.

येताना आत्ती मागं, त्यांच्या मांडीवर पदरात गुंडाळलेलं कोकरू. ओढ्यापुढच्या चढाला मी उतरून सायकल ढकलायला लागले. घामानं निथळत होते. तेवढ्यात दीर मोटरसायकलवरून आला आणि बघतच राहिला.

"आये, हे काय गं? ये, गाडीवर बस."

"तू हो म्होरं," आत्ती म्हणाल्या. "आमी येतोय."

कोकरानं त्याच वेळी बें केलं. मला हसू आवरेना, हँडल डगमगलं, तर आत्ती मलाच रागावल्या, "नीट बघ की म्होरं!"

ते कोकरू आता चांगलं थोराड झालंय. आत्ती त्याला घेऊन बांधाबांधानं फिरतात, थोडं बसतात, परत फिरतात. शेजारच्या घरातल्या दोघी जावा आता माझ्याकडं सायकल शिकायला येतात. काल त्यांतली धाकटी सरळ डाळिंबाच्या झाडात घुसली. आम्ही धावत गेलो. तिच्या केसांत पानं, कोपर खरचटलेलं. सायकल नुसती आडवी पडून चाक फिरवत होती.

"लागलं का गं?" मी विचारलं.

तिनं पदर झटकला आणि सायकल उचलली. "वैनी, मागनं धरू नका आता," म्हणाली आणि परत टांग टाकली.