शिट्टीवाल्याला बाहेर काढा!

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी चहा गार होईपर्यंत विचार केला. पण तुम्ही आपलीच माणसं. शिवाय मी नाही सांगितलं तरी आमच्या आष्टीकडचा कोणीही भेटला की तो सांगणारच, वर पदरचे चार शब्द घालून. त्यापेक्षा आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगितलेली बरी!

दुष्काळाचं वर्ष होतं. मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. आता दूध संस्था म्हणायची, पण त्या उन्हाळ्यात तिथं दूध सोडून बाकी सगळं होतं. काटा होता, रिकामे कॅन होते, अध्यक्ष होते, टीव्ही होता आणि दुधाचे भाव पुकारायचा भोंगाही होता. शेवटी संस्थेनंच माळावर चारा छावणी उघडली आणि तिची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. जनावरं छावणीत, म्हणून माणसंही छावणीत. ज्वारीच्या कडब्यासारखं अख्खं गाव त्या माळावर वाळत पडलं होतं.

छावणीत माणसाला काम काय? सकाळी टँकर यायचा, पाणी भरायचं, चारा घ्यायचा, टाकायचा. मग दिवसभर आभाळाकडं बघत बसायचं. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी संस्थेचा टीव्ही पत्र्याच्या शेडमध्ये आणून लावला.

एका संध्याकाळी चॅनेल बदलता बदलता फुटबॉल लागला. कुठल्याशा थंड मुलखात पोरांचा विश्वचषक चालला होता. विशीच्या आतली पोरं, मिसरूडही धड न फुटलेली! मला वसतिगृहात असल्यापासून या खेळाचं वेड. मी म्हटलं, राहू द्या, हेच बघू.

पारूमावशी शेडच्या खांबाला टेकून बसली होती. दरसाल ऊस तोडायला जाणारी बाई, यंदा फडच लवकर आटोपला म्हणून परतली होती. तिनं विचारलं, "दत्ता, केवढाली रं ही पोरं?"

"विशीच्या आतली, मावशी."

"म्हंजे आमच्या किसनाएवढी. त्यो बग की, त्यो हिरव्या शर्टाचा. पळतोय बी किसनासारखाच, कोपरं फाकवून."

तिचा किसना पुण्याकडं कामाला गेला होता. ती हिरव्या शर्टाची टीम आफ्रिकेतल्या एका देशाची. मी सांगितलं की तिकडंही पावसाची बोंब असते, लोक जनावरं घेऊन पाण्यामागं फिरतात. झालं! त्या देशाचं नाव आमच्यातल्या कोणालाच धड घेता यायचं नाही, म्हणून सगळी छावणी त्यांना 'आपली पोरं' म्हणायला लागली.

पण एक सांगतो. आमच्या छावणीत गोल झाला की जेवढा आवाज व्हायचा नाही, तेवढा दुसऱ्याच गोष्टीला व्हायचा. खेळ थांबला की ती पोरं बाटली तोंडाला लावायची, एक घोट घ्यायची, थोडं पाणी डोक्यावर ओतायची आणि अर्धी भरलेली बाटली द्यायची फेकून! गवतावर! अख्खी शेड हळहळायची. "आरं सांडलं की मेल्यानं!" म्हणून बाया खरोखर हात पुढं करायच्या. मी हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही.

सगळ्यांना शेडमध्ये जागा मिळायची नाही. जनावरं सोडून येणार कसं? मग मी भोंगा लिंबाच्या झाडावर बांधला आणि टीव्हीशेजारी माईक घेऊन बसलो. इंग्रजी बोलणाऱ्याचा आवाज बारीक करायचा आणि आपण मराठीत सुरू व्हायचं. "गडी डावीकडनं सुटला… बांध ओलांडला… आता वावरात घुसला… अर्रर्र, राखणदारानं धरला!" लोक खूश. मी त्याहून खूश. माणसाच्या हातात माईक आला की त्याचं काय होतं, ते तुम्ही सभेत बघितलंच असेल.

आता त्या दिवसाकडं येतो. आपल्या पोरांची बाद फेरीची मॅच. हरलं की घरी! आणि नेमका त्याच दिवशी सकाळचा टँकर आला नाही. पाणी भरायच्या ठिकाणी वीज गेली होती. संध्याकाळपर्यंत येतो, असा निरोप आला. हंडे तळाला गेलेले, लोकांचे जीव टांगणीला.

टँकर यायची आमची रीत अशी. चढावर टँकरवाल्या सलीमभाईची गाडी यायची नाही, ती खाली डांबरी रस्त्याच्या वळणावर थांबायची. तिथं बाभळीखाली कोंडिबातात्या बसायचे. म्हातारं माणूस, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. टँकर दिसला की तात्या शिट्टी फुंकायचे आणि लोक हंडे घेऊन पळायचे. ती शिट्टी त्यांना मीच दिली होती, चांगला नारळ वगैरे फोडून.

दुपारी पारूमावशीची गाय व्याली. मावशी धापा टाकत माझ्याकडं आली. "दत्ता, गाय मोकळी झाली बाबा. पर तिला पाजायला थेंब न्हाई. सकाळधरनं जीभ भाईर काढून बसलीय. टँकर आला की मला आदी सांग."

मी माईकची वायर जोडत होतो. म्हटलं, "मावशी, तू कावून काळजी करतीस? मी हाय न्हवं!"

हे माझं वाक्य. नीट ध्यानात ठेवा, कारण छावणीनं ते आजपर्यंत ध्यानात ठेवलंय.

दिवस कलला, मॅच सुरू झाली. रेफ्रीनं शिट्टी वाजवली. ती टीव्हीतनं माईकमध्ये, माईकमधनं भोंग्यात आणि भोंग्यातनं साऱ्या माळावर! रोज काही बिघडायचं नाही, कारण रोज पाणी सकाळीच भरलेलं असायचं. त्या दिवशी मात्र लोकांचे कान शिट्टीकडंच लागलेले. पिर्रर्र ऐकलं आणि काय पळापळ झाली म्हणता! हंडे, कळशा, डबे. एकाची बादली दुसऱ्याच्या पायात. सगळे धापा टाकत वळणावर. तिथं तात्या एकटेच तंबाखू मळत बसलेले.

"टँकर कुटंय, तात्या?"

"मला काय इचारता? मी फुकलीच न्हाई!"

लोक माघारी आले ते थेट माझ्यावरच. पारूमावशी सगळ्यात पुढं. शहाण्या माणसानं त्या क्षणी भोंगा बंद केला असता. मी काय केलं? माईकवर जाहीर केलं! "ऐका हो ऐका! मॅच संपेपर्यंत कोणीही शिट्टी ऐकून पळायचं नाही. ती रेफ्रीची शिट्टी आहे. टँकर आला की मी स्वतः पुकारीन."

तुमच्या लक्षात आलंच. माझ्या नाही आलं!

खेळ रंगला. एक गोल त्यांचा, एक आपला. माझा आवाज बसत आला होता. शेवटची दहाएक मिनिटं उरली असतील, तेवढ्यात कानावर आलं, पिर्रर्र.

मी लगेच माईकवर. "रेफ्रीनं फाऊल दिलाय! कोणाचा ते मला दिसलं नाही, पण दिलाय!" टीव्हीवर बघतो तर पोरं आपली खेळतायत. म्हटलं, "बघा, पोरं ऐकायलाच तयार नाहीत!"

पुन्हा पिर्रर्र. "ऑफसाईड!" मी ठोकून दिलं.

पुन्हा पिर्रर्र, पिर्रर्र. आता काय द्यावं? हात लागला म्हणून सांगितलं. लोक तापायला लागले. कोपऱ्यातला एकजण ओरडला, "आरं बे, ह्यो रेफ्री काय खेळू देतो का न्हाई?" दुसरा म्हणाला, "त्यो तिकडच्यांचा पाहुणा असंल!" आणि मलाही चेव चढला. आपल्या पोरांवर अन्याय होतोय आणि आपण गप्प बसायचं? मी उभा राहिलो, माईक तोंडाशी धरला आणि सगळा माळ दणाणून सोडला.

"त्या शिट्टीवाल्याला आधी बाहेर काढा! त्याला काही अक्कल आहे का? सारखं आपलं फुर्र फुर्र! त्याच्या हातात शिट्टी दिली कोणी?"

टाळ्या पडल्या. खरंच सांगतो, टाळ्या पडल्या!

शिट्टी थांबली. मी म्हटलं, बघा, लागलं त्याला. आणि पुन्हा खेळात बुडालो.

जरा वेळानं शेडच्या दारात गलका थांबला. माणसं बाजूला झाली. कोंडिबातात्या आत आले, सरळ टीव्हीच्या पुढ्यात उभे राहिले. शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. पिर्रर्र! तीच, हुबेहूब. भोंग्यानं ती साऱ्या छावणीला ऐकवली.

"मला भाईर काढा म्हनलास न्हवं?" तात्या म्हणाले. "ह्यो आलो भाईर."

मी घाईनं विचारलं, "तात्या, तुम्ही इथं… मग टँकर?"

"गेला."

"गेला म्हणजे?"

"सलीमभाई थांबला, मी फुकली. पुन्यांदा फुकली. येक मानूस आला न्हाई. वर भोंग्यावर तू माजी अक्कल काडतुयास. सलीमभाई म्हनला, तात्या, तुमच्या छावनीला आज पानी नको दिसतंय. पुढच्या छावनीवर मान्सं खोळंबल्यात. गेला त्यो."

माईक चालूच होता. म्हणजे हे सगळं लांबच्या दावणीपर्यंत ऐकू गेलं. पारूमावशी उठली, रिकामी कळशी उचलली आणि माझ्याकडं न बघता गाईकडं निघून गेली.

मी दुधाचे रिकामे कॅन मोटारसायकलला बांधले आणि सुटलो. मॅचचं काय झालं? मला विचारू नका. त्या वेळी फुटबॉल हा खेळ जगात आहे, हेसुद्धा मी विसरलो होतो.

पुढच्या छावणीवर सलीमभाईची गाडी उभी होती आणि टँकरला रांग लागली होती. मी जाऊन हात जोडले. सलीमभाई म्हणाला, "शेक्रेटरी, मला काय सांगता? आता पानी हितल्या लोकांचं हाय. त्यान्ला इचारा."

खरंच होतं ते. मग मी त्या रांगेपुढं उभा राहून, माईक नसताना, सगळी हकिकत सांगितली. फाऊल, ऑफसाईड, सगळं. आधी एक बाई हसली, मग सगळी रांग हसायला लागली. एक आजोबा तर डोळे पुसायला लागले. हसणं ओसरल्यावर त्यांनी नुसतं विचारलं, "गाय कदी व्याली म्हनलास?"

"दुपारी."

आजोबांनी आपला हंडा मागं सरकवला. पुढच्या बाईनंही सरकवला. माझे कॅन भरले. निघताना आजोबा म्हणाले, "ने. पर तुजा भोंगा तेवढा आमच्याकडं आनू नगो."

परत आलो तर पारूमावशीच्या गाईपुढं घमेलं होतं आणि गाय पाणी पीत होती. कुठून आलं? दावणीदावणीतनं. कोणाच्या हंड्याचा तळ, कोणाचा तांब्याभर, कोणी उद्याच्या चहासाठी झाकून ठेवलेलं. गढूळ, वेगवेगळ्या रंगांचं पाणी. वासरू थरथरत उभं राहायला बघत होतं. मी कॅन तिथंच टेकवले. आयुष्यात मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि आपल्या माणसांचा इतका अभिमानही कधी वाटला नव्हता. दोन्ही एकदमच वाटलं.

मावशी गाईच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "ते कॅन त्यान्ला दे आता. समद्यांनी आपलं हिला दिलंय." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी सभा बोलावली. सहकारात काहीही झालं तरी आधी सभा! मी माफी मागायला उभा राहणार, तोच तात्यांनी हात वर केला.

"मला येक इचारायचंय. त्या खेळात रेफ्रीची शिट्टी ऐकूनबी गडी थांबला न्हाई, तर काय करत्यात?"

आता बघा, माणसानं गप्प बसावं की नाही? पण फुटबॉलचं कोणी काही विचारलं की मला राहवतच नाही. मी अगदी रंगात येऊन सांगितलं, "तात्या, आधी पिवळं कार्ड दाखवतात. ती ताकीद. पण लईच मोठा गुन्हा असंल तर थेट लाल!"

"आन् रेफ्रीला शिव्या दिल्या तर?"

"तर हमखास लाल!"

"लाल दावलं की काय व्हतं?"

"मग तो गडी बाहेर. त्या मॅचमध्ये तर नाहीच, पुढच्या मॅचलाही बसवून ठेवतात."

"बदली गडी घेत्यात?"

"छे! राहिलेल्यांनी तसंच खेळायचं."

तात्यांनी मान डोलावली. डोक्याचा तांबडा पटका सोडला आणि माझ्या डोळ्यांपुढं धरला.

सगळी सभा फुटली हसून! अध्यक्षांनी कसंबसं टेबल वाजवलं. ठराव असा की, हा चषक संपेपर्यंत सेक्रेटरींनी टीव्ही आणि माईकपासून लांब, वळणावर तात्यांसोबत बसावं. सूचक कोंडिबातात्या. अनुमोदक पारूमावशी.

"ठरावाच्या बाजूनं कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळे हात वर गेले. पहिला हात माझ्या बायकोचा. आणि सभेत अध्यक्षांनी 'बाजूनं कोण' म्हटलं की आपोआप हात वर करायची माझी इतक्या वर्षांची सवय! ठराव एकमतानं मंजूर झाला.