उरलेल्या गोळ्यांचा डबा

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत आणि हा शहाणा ओ देत असे. होता न्हावी. हात इतका हलका की दाढी करताना गिऱ्हाईक डुलकी काढी. बाकी गडी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. आरशाखाली त्याचा पत्र्याचा डबा असे. घरात कुणाला जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्यात जात. कुणाच्या मानेवर केसतूड दिसलं की दाढीबरोबर दोन गोळ्या फुकट. "लोकांच्या जिवाशी खेळताय," बायको भांडे. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्याच्याच उजव्या अंगठ्याला फोड आला. वस्तरा धरायचा अंगठा. डब्यातल्या गोळ्यांना त्या फोडाने भीक घातली नाही. शेवटी बायकोने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. पू तपासून डॉक्टरीण म्हणाली, "नेहमीची औषधं यावर चालणार नाहीत. हे नवं औषध आहे. हेही चाललं नाही, तर माझ्याकडे फारसं काही उरत नाही. बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्या."

सूज झपाट्याने उतरली आणि तो पुन्हा दुकानात उभा राहिला. पण थोड्याच दिवसांत अंगठा परत लालबुंद झाला. बायकोला संशय आला. तिने डबा उघडला, तर नव्या गोळ्यांचं अर्धवट पाकीट तिथेच.

"यातल्या कुणाला दिल्यात?"

"तुझ्या भावाला. पाठीवर गळू झालं होतं त्याच्या."

"स्वतःचं औषध अर्धं सोडलंत, आणि उपकार माझ्या माहेरावर?"

"बरा झालो होतो मी."

भावाला तिने त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. नवऱ्याचं दुखणं मात्र हाडापर्यंत पोचलं होतं. अंगठ्याचं पुढचं पेर कापावं लागलं. तिला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. नवं औषध नशिबाने अजून लागू पडत होतं. डॉक्टरणीने या वेळी गोळ्या तिच्या हातात दिल्या.

रोज सकाळी ती त्याच्यापुढे उभी राही. "तोंड उघडा. जीभ उचला."

"कैदी आहे का मी?"

ती जिभेखाली नीट पाहून घेई.

जखम सुकली तशी एका सकाळी तो म्हणाला, "आता काही दुखत नाही. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेव."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तिने वस्तरा काढला आणि त्याच्या उजव्या हातात ठेवला.

"धरा."

त्याने धरून पाहिला. वस्तरा निसटून फरशीवर पडला. तिने तो उचलला नाही. गोळी पुढे केली.

"तोंड उघडा."