दोन कोपरे ओढले की

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. आम्हाला उपग्रहासाठी एक पडदा करायचा होता. वर जाताना त्याची लहानशी घडी व्हावी आणि वर पोचल्यावर एका ओढीत तो पसरावा. कागदावर हे सोपं होतं. तिरक्या घड्यांची जाळी पाडली की समोरासमोरचे दोन कोपरे ओढताच अख्खा कागद उघडायचा, ढकलले की मिटायचा. प्लॅस्टिकची शीट मात्र ऐकत नव्हती. घड्या जिथे एकमेकींना भेटतात, नेमकी तिथेच चिरायची. जाड शीट घेतली तर ती मिटेचना.

एका दुपारी वैतागून मी कात्री उचलली आणि घड्या भेटतात तिथे बारीक गोल भोकं पाडली. आमचे सर बेळगावकडचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच चाले. ते टेबलापाशी येऊन थबकले.

“अगं, फाटू नये म्हणून मरतोय आपण, आणि तूच कापतेस?”

“सर, चिरायला तिथे काही उरलंच नाही तर?”

त्यांनी शीट हातात घेतली, मिटली, उघडली. पुन्हा मिटली. मग खुर्ची ओढून बसलेच. चहा येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. शीट कुठेच चिरली नाही.

पाहुण्यांना पडदा दाखवायच्या दिवशी घरच्यांनाही बोलावणं होतं. माझे अप्पा चिकपेटच्या बाजारात साड्यांच्या दुकानात कामाला होते. अर्ध्या दिवसाची रजा काढून, इस्त्रीचा सदरा घालून आले. मी एक कोपरा धरला, सरांनी दुसरा. ओढताच पडदा सळसळत टेबलभर पसरला. एका पाहुण्यांनी सरांना विचारलं, “ही भोकं कशासाठी?”

“तिला विचारा,” सर म्हणाले. “कल्पना तिची आहे.”

मी एका भोकावर बोट ठेवून बोलायला लागले. घड्या, ताण, भोकं, सगळं सांगून टाकलं. बोलणं संपवून मागे पाहिलं, तर अप्पा शेजारच्या अनोळखी माणसाच्या दंडाला हात लावून कन्नडमध्ये सांगत होते, “नम्म मगळु.” आमची मुलगी. त्या माणसाने मान डोलावली, तरी त्यांनी ते पुन्हा सांगितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं, पण ऊर नुसता भरून आला होता.