दाणा धरलेलं पाणी

त्या साहेबाला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचा विषय निघाला तरी आजही माझं डोकं फिरतं.

माझे धाकूकाका मुर्धा गावचे, मिठागरावर वाढलेले. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले आणि अकरा वर्षं हंगामीच राहिले. १९७२ साली कायम करायच्या यादीत त्यांचं नाव आलं. फक्त तिथल्या साहेबाची सही बाकी होती.

साहेब जंतूंच्या मागे लागला होता. आपल्या अंगातलं लोखंड पळवायला काही जंतू एक पदार्थ सोडतात. तो चिंबोरीच्या नांगीसारखा लोखंडाला घट्ट धरतो. ती पकड नेमकी कशी, हे कळायला त्या पदार्थाचा एक नितळ स्फटिक हवा, मग क्ष-किरणांनी त्याचे फोटो काढायचे. दोन वर्षं स्फटिक काही होईना. होणार कसा? स्फटिक धरायला पाणी स्थिर लागतं, आणि हा बाबा रोज द्रावणाच्या बशा हलवून बघायचा!

एका शनिवारी वैतागून तो म्हणाला, "सगळं ओतून टाक, धुऊन ठेव."

काकांनी बशा उजेडात धरल्या. दोन बशांच्या तळाशी लालसर कण दिसला. मिठागरातला माणूस दाणा धरलेलं, म्हणजे मीठ जमू लागलेलं पाणी कधी ओतत नाही. काकांनी त्या दोन्ही कागदाने झाकून मागच्या फळीवर ठेवल्या.

तीन आठवड्यांनी एकीत खसखशीएवढा विटकरी स्फटिक तयार झाला. काकांनी तो हौसेने साहेबापुढे नेला, दुसरीतला अजून वाढतोय असंही सांगितलं. साहेबाने स्फटिक ठेवून घेतला आणि काकांना मेमो दिला: हुकूम मोडला, यापुढे सांगितलेली भांडी त्याच दिवशी धुवावीत. यादीतलं नावही कापलं. इतका कोडगा माणूस!

काकांनी मेमो खिशात घातला आणि दुसरी बशी मोरीत ओतली.

निम्मे फोटो होतात न होतात तोच क्ष-किरणांनी स्फटिक खराब झाला. साहेब धावत आला. "धाकू, ती दुसरी बशी कुठाय?"

"धुतली, साहेब. मेमोत लिहिलंय तसं."

वर्षभराने त्या पदार्थाची रचना परदेशातल्या कुणीतरी छापली आणि साहेब मागे राहिला. काकांनी सांगितलं तेव्हा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पेढेच आणते म्हटलं.

काका चिडले. "पेढे कसले गो, शालू? दाना धरलेला पानी वतला मी. बापान ऐकला असता त मना आगरावर चढू दिला नसता."